कॅन्सरच्या वेदनेत केटामाइन: पहिल्या डोसाआधीपासून बंद करेपर्यंत काय, कधी, कोणत्या क्रमाने

मॉर्फिन वाढवूनही कळ हटेना झाली की कुणीतरी केटामाइनचं नाव काढतं आणि घरात दोन तट पडतात. एका तटाला वाटतं, आता सगळ्यात जोरदार औषध आलं, मॉर्फिनची गरज संपली. ते मॉर्फिन परस्पर बंद करतात आणि दुसऱ्या रात्री पेशंट घामाने भिजून, पोटात मुरडा येऊन, अंगावर काटा येऊन तळमळत बसतो. दुसरा तट म्हणतो, ते भुलीचं औषध, नशेचं औषध, आपल्याला नको. तिथे विषयच संपतो. पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारातला त्रास हलका करण्याच्या शुश्रूषेत) नर्स म्हणून काम करताना मी दोन्ही प्रकार इतक्यांदा पाहिलेत, की आता पहिल्या भेटीतच सांगून टाकते: केटामाइन मॉर्फिनच्या जागी येत नाही, ते मॉर्फिनच्या सोबत येतं. आणि त्यातलं निम्मं काम पहिल्या डोसाच्या आधीचं असतं.

हे औषध घरच्या घरी, स्वतःच्या हिशेबाने सुरू करायचं नाही. खाली दिलेले आकडे डॉक्टरांनी लिहिलेला डोस तुम्हाला समजावा आणि चूक झाली तर डोळ्यांत भरावी, एवढ्यासाठीच आहेत.

## टप्पा १: आधी वेदना कागदावर उतरवा

"खूप दुखतंय" एवढ्यावर कुठलाही डॉक्टर केटामाइनचा निर्णय घेऊ शकत नाही. निदान तीन दिवसांची नोंद हवी. साधी वही पुरते. त्यात चार गोष्टी लिहा.

कुठे दुखतं. माणसाची बाह्याकृती काढा आणि दुखरा भाग पेनाने रंगवा. दुखणं एका जागेवरून दुसरीकडे सरकतं का, पसरतं का, तेही बाण काढून दाखवा. हे चित्र पुढे फार उपयोगी पडतं.

कसं दुखतं. इथे पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा, तुमचे नकोत. ठणका, बोथट दुखणं, पिळवटल्यासारखं हे एका प्रकारचं. आग होणं, चमक जाणं, विजेचा झटका बसल्यासारखं, मुंग्या, साधी चादर लागली तरी सहन न होणं हे दुसऱ्या प्रकारचं. दुसरा प्रकार बहुधा मज्जातंतूंचा असतो आणि केटामाइनचा विचार जास्त करून तिथेच होतो.

किती दुखतं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतली सर्वात वाईट वेदना. दिवसातून चारदा, ठरलेल्या वेळी आकडा विचारा. पडून असतानाचा आणि कुशीवर वळतानाचा आकडा वेगवेगळा लिहा. पडून तीन आणि वळताना नऊ असेल, तर त्यावरचा इलाज वेगळा असतो.

चोवीस तासांत मॉर्फिन किती गेलं. यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो, कारण घरचे फक्त ठरलेले डोस मोजतात. समजा दर चार तासांनी ३० मिलीग्रॅम ठरलेलं आहे: सहा वेळा ३०, म्हणजे १८०. त्याशिवाय मधेच उठलेल्या कळेसाठी ३० मिलीग्रॅम चारदा दिलं: १२०. एकूण ३०० मिलीग्रॅम. डॉक्टरांना १८० सांगितलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. फेंटानिलची (मॉर्फिनसारख्याच वेदनाशामकाची, त्वचेवर चिकटवायची) पट्टी असेल तर तिच्यावर छापलेला आकडा आणि लावल्याची तारीख-वेळ लिहा.

तपासून पाहा: ही वही तुम्हाला न विचारता तिसऱ्या माणसाने वाचली तर त्याला पेशंटचा कालचा दिवस कळेल का? कळत असेल तर पुढे चला.

## टप्पा २: आधीच्या पायऱ्या खरंच चढून झाल्यात का

कॅन्सरच्या वेदनेत केटामाइनला पहिल्या, दुसऱ्या रांगेत जागा नाही. ते अडलेल्या ठिकाणी वापरायचं औषध आहे. म्हणून डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न विचारून घ्या:

- मॉर्फिन पुरेशा प्रमाणात आणि घड्याळाप्रमाणे दिलं गेलं का, की दुखलं तेव्हाच दिलं गेलं?
- एका ओपिऑइडऐवजी (म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधाऐवजी) दुसरं देऊन पाहिलं का? मॉर्फिनवरून मेथाडोन किंवा फेंटानिलवर गेल्याने काहींची कळ आटोक्यात येते.
- मज्जातंतूंच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन, प्रेगाबालिन, ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन यांपैकी काही पुरेसे दिवस दिलं का?
- दुखणं हाडात असेल तर रेडिएशन? हाडातल्या गाठीच्या वेदनेसाठी ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस अनेकदा पुरतो. त्याचा गुण यायला मात्र काही दिवस ते आठवडे लागतात.
- स्वादुपिंडासारख्या ठिकाणच्या पोटदुखीत नर्व्ह ब्लॉक (वेदना नेणारी नस इंजेक्शनने बधिर करणं) शक्य आहे का?
- पोट साफ होतंय का? हसू नका. आठ दिवस संडास न झालेल्या पेशंटची "आटोक्यात न येणारी वेदना" एनिमा दिल्यावर निम्मी झालेली मी पाहिली आहे.

आता उलटी शक्यता. काही पेशंटमध्ये मॉर्फिन वाढवलं की वेदना वाढते. डोस दुप्पट केला आणि दुखणं मूळच्या जागेपलीकडे पसरलं, नुसता हात लागला तरी कळ उठायला लागली, हातापायांना झटके यायला लागले. अशा वेळी ओपिऑइडच मज्जासंस्थेला जास्त हळवी करत असण्याची शक्यता असते. किडनी नीट चालत नसेल तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठून झटके आणि गोंधळलेपण येतं. तुमच्या वहीतलं पसरत गेलेलं चित्र इथे कामी येतं. या परिस्थितीत मॉर्फिन कमी करणं किंवा बदलणं, आणि जोडीला केटामाइन, असा विचार डॉक्टर करतात.

यामागचं काम थोडक्यात असं: मज्जारज्जूत एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या संदेश पकडणाऱ्या जागा, असतात. वेदनेचे संदेश सतत येत राहिले की ते चेतत जातात आणि लहानसा संदेशही मोठा होऊन मेंदूकडे जातो. केटामाइन ते रिसेप्टर अडवतं. मॉर्फिनचं काम दुसऱ्याच रिसेप्टरवर चालतं. म्हणून एकाची जागा दुसरं घेऊ शकत नाही.

थांबा: पाठीत नव्याने जोरदार दुखतंय, पाय लटके पडतायत, लघवी-संडासावरचा ताबा सुटतोय, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे, असं काही असेल तर वेदनेचं नवीन औषध शोधत बसू नका. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा.

## टप्पा ३: हे औषध या पेशंटला चालेल का

केटामाइनने रक्तदाब आणि नाडी वाढते, आणि मनाला भास होऊ शकतात. बहुतेक अडचणी या दोन गोष्टींतून येतात. आटोक्यात नसलेला रक्तदाब, गंभीर हृदयविकार, नुकताच झालेला पक्षाघात, मेंदूतला वाढलेला दाब, काचबिंदू, फिट्स, थायरॉइड वाढलेलं असणं, लिव्हर खूप बिघडलेलं असणं, पूर्वी मनोविकारात भास झालेले असणं, गर्भारपण: यातलं काहीही असेल तर न विचारता, आपणहून सांगा. "त्याचा कॅन्सरशी काय संबंध" म्हणून वीस वर्षांपूर्वीचा मानसोपचार लपवला जातो. नेमकं तेच सांगायला हवं असतं.

औषधांची यादी न्या, पाकिटांसकट. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, इट्राकोनॅझोलसारखी बुरशीवरची औषधं, आणि ग्रेपफ्रूटचा रस यांनी तोंडाने घेतलेल्या केटामाइनची रक्तातली पातळी वाढते. रिफॅम्पिसिनने ती घटते. झोपेच्या गोळ्या आणि दारूने गुंगी वाढते.

सुरुवातीचा रक्तदाब, नाडी, मिनिटाला श्वास किती, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, आणि लघवीची सध्याची तऱ्हा (रात्री किती वेळा उठतात, जळजळ आहे का) हे आधीच लिहून ठेवा. नंतर बिघाड झाला तर तो नवीन की जुना, हे या नोंदीशिवाय सांगता येत नाही.

## टप्पा ४: मुदत आणि मोजमाप आधी ठरवा

इथे खरं बोलायला हवं. केटामाइनच्या बाजूने असलेला पुरावा भक्कम नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत १८५ रुग्णांपैकी काहींना पाच दिवस त्वचेखालून केटामाइन दिलं, काहींना नुसतं सलाइन. केटामाइनवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना आराम पडला, सलाइनवाल्यांपैकी २७ टक्क्यांना. त्रास मात्र केटामाइनवाल्यांना जास्त झाला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, मज्जातंतूंच्या वेदनेसाठी तोंडाने केटामाइन दिलेल्या २१४ रुग्णांच्या चाचणीतही सरसकट फायदा दिसला नाही.

मग वापरायचं कशाला? सरासरीत फायदा दिसत नसला तरी एखाद्या पेशंटमध्ये स्पष्ट फरक पडतो, हे वेदनेवर काम करणारे बरेच डॉक्टर सांगतात. मी वॉर्डात तो पाहिला आहे आणि अजिबात न पडलेलाही पाहिला आहे. कुणाला गुण येईल हे आधी कळत नाही. म्हणूनच केटामाइन "सुरू" करायचं नसतं, ठरावीक दिवस "करून पाहायचं" असतं. डॉक्टरांकडून तीन उत्तरं घ्या आणि वहीत लिहा: कशाला गुण म्हणायचं (उदाहरणार्थ आकडा आठवरून पाचवर येणं, किंवा सलग चार तास झोप लागणं, किंवा मधल्या कळेचे डोस सहावरून दोनवर येणं), किती दिवसांत, आणि तोवर गुण आला नाही तर काय.

शून्य वेदना हे ध्येय लिहू नका. त्या नादात डोस वाढत राहतो आणि पेशंट गुंगीत हरवतो.

आणखी एक गल्लत. नैराश्यासाठी मिळणारा एस्केटामाइनचा नाकातला फवारा हा वेगळा उपचार आहे, कॅन्सरच्या वेदनेसाठी त्याला मान्यता नाही. "स्प्रे मिळतो म्हणे" असं ऐकून कुणी आणायला धावू नये.

## टप्पा ५: पहिला डोस

औषध तीन वाटांनी देतात. शिरेतून दिलं तर काही मिनिटांत परिणाम सुरू होतो. हे हॉस्पिटलमध्ये, मॉनिटर लावूनच. त्वचेखालून सिरिंज पंपाने चोवीस तास संथ देता येतं. प्रौढांमध्ये सुरुवात बहुधा चोवीस तासांना ५० ते १०० मिलीग्रॅमने होते. काही ठिकाणी ठरावीक दिवसांपुरतं १००, मग ३००, मग ५०० असं चढवतात. तिसरी वाट तोंडाची: बहुधा १० ते २५ मिलीग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा, परिणाम अर्ध्या तासाने. तोंडाने घेतलेल्यातलं साधारण पाचवा भागच जसंच्या तसं रक्तात पोचतं. बाकीच्याचं लिव्हरमध्ये नॉरकेटामाइन होतं आणि तेही वेदनेवर काम करतं. त्यामुळे इंजेक्शनचा डोस आणि तोंडाचा डोस यांचं गणित सरळ नाही. वाट बदलायची असेल तर नवा आकडा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

आता सगळ्यात धोक्याची जागा: मिलीग्रॅम आणि मिलीलिटर. तोंडाने देण्यासाठीही बरेचदा इंजेक्शनचंच औषध पातळ करून वापरतात. ते एका मिलीलिटरला १०, ५० किंवा १०० मिलीग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदीत येतं. दहा मिलीग्रॅम द्यायचं असेल तर १० च्या बाटलीतून एक मिलीलिटर, ५० च्या बाटलीतून ०.२ मिलीलिटर, १०० च्या बाटलीतून ०.१ मिलीलिटर. मागच्या वेळी एक मिलीलिटर दिलं होतं म्हणून नव्या, १०० च्या बाटलीतूनही एक मिलीलिटर दिलं, तर दहापट गेलं. शक्य असेल तर औषधदुकानातूनच पातळ केलेलं, एकाच ताकदीचं द्रावण घ्या आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा: "१ मिलीलिटर = इतके मिलीग्रॅम". मोजायला चमचा वापरू नका. तोंडाने औषध देण्याची, सुई न बसणारी सिरिंज वापरा.

चव अतिशय कडू असते. फळांच्या रसात मिसळून देता येतं, ग्रेपफ्रूट सोडून.

पहिल्या डोसाच्या दिवशीचा क्रम असा ठेवा.

पहिलं, पेशंटला आधी सांगा. "अंग हलकं वाटेल, आवाज लांबून आल्यासारखे वाटतील, कदाचित विचित्र दिसेल. ते औषधाने होतं, उतरतं. मी इथेच बसले आहे." हे वाक्य आधी ऐकलेला पेशंट आणि न ऐकलेला पेशंट यांच्या पहिल्या तासात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एका आजोबांना आपण छताला टेकून स्वतःकडे बघतोय असं वाटलं. ते मजेत होते, घाबरून रडत होता तो त्यांचा मुलगा. मुलाला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुसरं, खोली शांत करा. टीव्ही बंद, दिवा मंद, माणसं कमी. ओळखीचं एकच माणूस जवळ.

तिसरं, रक्तदाब, नाडी, श्वास आणि वेदनेचा आकडा लिहा. मग डोस.

चौथं, तासाभराने हे चारही पुन्हा लिहा. घरी तोंडाने घेत असाल तर त्यानंतर निदान पहिले काही दिवस रोज एकदा.

पाचवं, पेशंटला एकट्याने बाथरूमला जाऊ देऊ नका. चक्कर येते, डोळे थरथरतात, पाय लटपटतात. गाडी चालवणं तर सोडूनच द्या.

तपासून पाहा: पहिला डोस दिवसा, मदतीचा फोन लागेल अशा वेळी ठरलाय ना? रात्री नऊला, डॉक्टर निघून गेल्यावर सुरू करण्यासारखं हे औषध नाही.

## टप्पा ६: मॉर्फिनचं काय करायचं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

चूक एक: मॉर्फिन एकदम बंद करणं. आठवडेच्या आठवडे मॉर्फिन घेणाऱ्या शरीराला त्याची सवय झालेली असते. ते एकदम तोडलं तर घाम, जुलाब, मुरडा, अस्वस्थता, अंगावर काटा हे सगळं चालू होतं आणि घरचे त्याचं खापर केटामाइनवर फोडतात.

चूक दोन, उलटी आणि जास्त धोक्याची: मॉर्फिन जसंच्या तसं चालू ठेवणं आणि लक्ष न देणं. केटामाइनचा गुण आला की तोवर वेदनेशी झुंजण्यात खर्ची पडणारं मॉर्फिन आता जास्तीचं ठरतं. गुंगी वाढते, श्वास मंदावतो. म्हणून बरेच डॉक्टर केटामाइन सुरू करतानाच मॉर्फिन एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करतात, विशेषतः पेशंट आधीच झोपाळलेला असेल तर. काही जण गुण दिसण्याची वाट बघून मग कमी करतात. दोन्ही पद्धती आहेत. तुमच्या पेशंटसाठी कोणती, हे विचारा आणि आकड्यात लिहून घ्या: "इतक्यावरून इतकं, या तारखेपासून". "थोडं कमी करा" या वाक्यावर घरी जाऊ नका.

मधल्या कळेचा डोस बंद करायचा नसतो, पण त्याचाही आकडा बदलू शकतो. तो स्वतंत्र विचारा.

फेंटानिलची पट्टी असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: पट्टी काढली तरी त्वचेत साठलेलं औषध पुढचे कितीतरी तास रक्तात उतरत राहतं. "पट्टी काढली, आता काळजी नाही" असं धरू नका. पट्टीवर गरम पिशवी ठेवल्याने औषध जास्त वेगाने शिरतं, तेही टाळा.

ताबडतोब मदत मागा: हाक मारून, हलवूनही पेशंट जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात आणि ओठ निळसर दिसतायत, छातीत दुखतंय, फिट आली. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे फसवं ठरतं.

## टप्पा ७: पहिले तीन दिवस, काय सोसायचं आणि काय कळवायचं

मळमळ, तोंडाला जास्त लाळ सुटणं, थोडी चक्कर, थोडी गुंगी हे होतं आणि बऱ्याचदा निवळतं. डोस देऊन लगेच नव्हे, तर रोज त्याच वेळी मळमळ होत असेल तर वहीत वेळ लिहा. त्यावरून ती केटामाइनची की दुसऱ्या कशाची हे समजतं.

भास, भयानक स्वप्नं, आपण आपल्यात नसल्यासारखं वाटणं याबद्दल मात्र पेशंट गप्प बसतात. "वेडा म्हणतील" ही भीती असते. त्यामुळे "कसं वाटतंय" असं विचारू नका. थेट विचारा: "काल रात्री नसलेलं काही दिसलं का? घाबरायला झालं का?" दिसलं पण भीती वाटली नाही, तर नोंद करा आणि पुढच्या फोनमध्ये सांगा. भीती वाटली तर त्याच दिवशी कळवा. डोस कमी करता येतो, हॅलोपेरिडॉल किंवा मिडॅझोलमसारखं औषध जोडता येतं. काही डॉक्टर ते सुरुवातीपासूनच देतात. भासांशी वाद घालू नका, "तिथे काही नाही" असं ओरडून सांगितल्याने भीती वाढते. दिवा लावा, हात धरा, नाव घेऊन बोला.

एक भेद ओळखायला शिका. औषधाचे भास डोसाच्या मागोमाग येतात आणि ओसरतात. पेशंट दिवस-रात्र विसरलाय, माणसं ओळखत नाही, तासातासाला वेगळा वागतोय, अंगात ताप आहे, तर जंतुसंसर्ग, रक्तात वाढलेलं कॅल्शियम, साठलेलं मॉर्फिन असं काहीही असू शकतं. तिथे "केटामाइनमुळेच असेल" म्हणून गप्प बसणं महागात पडतं.

त्वचेखालून पंप लावला असेल तर सुईची जागा रोज बघा. लाली, कडकपणा, दुखणं दिसलं की जागा बदलायला सांगा. केटामाइन त्वचेला चावरं असतं, म्हणून ते सलाइनमध्ये जास्तीत जास्त पातळ करून देतात. पंपाच्या सिरिंजमध्ये दुसरं औषध स्वतःहून मिसळू नका. काही औषधांशी ते फाटतं, सिरिंजमध्ये गढूळपणा दिसतो. गढूळ दिसलं तर पंप थांबवा आणि फोन करा.

## टप्पा ८: ठरलेल्या दिवशी वही उघडा

टप्पा ४ मध्ये लिहिलेली मुदत आली की तेच निकष लावा. आकडा उतरला नाही, झोप वाढली नाही, मधल्या कळेचे डोस घटले नाहीत, तर औषध थांबवायचं. "आणखी चार दिवस बघू" हे वाक्य माझ्या मते केटामाइनच्या उपचारातलं सर्वात महागडं वाक्य आहे. त्रास वाढत जातो आणि दुसरा इलाज, नर्व्ह ब्लॉक म्हणा किंवा मणक्यातून औषध देणं म्हणा, लांबणीवर पडतो.

गुण आला असेल तर दोन वाटा. काही पेशंटना चार-पाच दिवसांच्या कोर्सनंतर औषध थांबवल्यावरही काही काळ आराम टिकतो. त्यांना पुन्हा गरज पडेपर्यंत काही द्यावं लागत नाही. बाकीच्यांना कमीत कमी चालेल एवढ्या डोसावर ठेवतात.

जास्त दिवस घेणाऱ्यांसाठी मूत्राशय हा हळवा बिंदू आहे. वारंवार लघवी, घाई लागणं, जळजळ, ओटीपोटात दुखणं, लघवीत रक्त असं काही झालं की बहुतेक घरांत "लघवीला इन्फेक्शन" म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं, ते संपलं की दुसरं. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नसतील तर संशय केटामाइनवर घ्यायचा. त्याने मूत्राशयाच्या अस्तराला जखमा होतात. वेळेत औषध थांबवलं तर बरेचदा सुधारतं, लांबवलं तर मूत्राशय आकसून कायमचं नुकसान होऊ शकतं. लिव्हरच्या तपासण्याही अधूनमधून करून घ्या.

## टप्पा ९: बंद करताना

काही दिवसांचा कोर्स असेल तर ठरल्या दिवशी थांबवता येतो. तीन आठवड्यांहून जास्त चालू असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टर सांगतील तसं उतरवत न्या. एकदम थांबवल्यावर वेदना उसळून येते आणि अंगाला हात लावू देत नाही अशी अवस्था होऊ शकते. थांबवताना मॉर्फिन आपोआप जुन्या डोसावर नेऊ नका. आता शरीराला कमी पुरत असू शकतं. नवा आकडा विचारा. बंद झाल्यानंतरचे तीन-चार दिवस वही चालूच ठेवा.

औषध घरात असेपर्यंत कुलपात ठेवा आणि प्रत्येक डोसानंतर उरलेलं मोजून लिहा. बऱ्याच देशांत त्यावर कडक नियंत्रण आहे आणि घरातल्या एखाद्या तरुण मुलाच्या हातात ते पडणं ही कल्पनेतली गोष्ट नाही. पातळ केलेलं द्रावण फ्रिजमध्ये, दुधाच्या किंवा रसाच्या बाटल्यांपासून वेगळं, लेबल लावून ठेवा. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका, कचऱ्यात टाकू नका. जिथून आणलं तिथे परत करा, आणि परत केल्याची तारीख व प्रमाण त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून सही घ्या.